एकरकमी शेठ

शिक्रापूरच्या चाकण चौकात संध्याकाळी सहानंतर अडकला नाही असा माणूस पुणे-नगर रस्त्यावर सापडायचा नाही. कंपन्यांच्या बसा, कंटेनर, उसाची ट्रॉली, ट्रॉलीमागे एका मोटारसायकलवर तिघं, आणि या सगळ्याच्या मधोमध एक पांढरीशुभ्र, उंच गाडी. नंबर 4141. पाटीवर मात्र देवनागरी आकडे असे वळवलेले, की माणसानं ‘दादा’ वाचावं. आत नाना. कडक इस्त्रीचं लिनन, मनगटात कडं, कपाळाला अष्टगंध. बाकीचे हॉर्न बडवत असतात, नाना शांत. कारण गाडी जिथं उभी आहे ती जागा त्यांचीच होती, रुंदीकरणात गेली. आपल्याच बांधावर, आपल्याच गाडीत, एसी लावून पाऊण तास बसून राहायचं भाग्य मुंबईच्या शेठ लोकांनाही नाही, असं ते स्वतःच सांगतात.

नाना हे काही एका माणसाचं नाव नाही. सणसवाडीत नाना आहेत, कोरेगाव भीमाला आहेत, तळेगाव ढमढेऱ्याला आहेत, रांजणगावात तर महागणपतीच्या दर्शनाच्या रांगेत पुढं-मागं दोन-दोन सापडतात. पुणेकर त्यांना ‘गुंठामंत्री’ म्हणतात आणि हसतात. पुणेकरांचं बरं असतं. हसतात ते कुणाच्या तरी गुंठ्यावरच्याच दोन बेडरूममध्ये बसून.

आमच्या नानांची जमीन चाकण रस्त्याला लागून, तीन एकर. एकराचे चाळीस गुंठे, म्हणजे एकशे वीस. त्यात कांदा, ज्वारी, थोडी मेथी-कोथिंबीर. पाणी चासकमानच्या कालव्याचं, आवर्तन सुटलं तर. नाही सुटलं तर विहीर, आणि विहिरीच्या मोटारीला थ्री फेज लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात नाना दोन वाजता बॅटरी घेऊन बांधाला निघत. दावणीला दोन म्हशी. सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध, दर दहा दिवसांनी दुधाचा पगार. अंगावर मांस नव्हतं, गावात त्यांना ‘वाळलेलं चिपाड’ म्हणत. मग रांजणगावची एमआयडीसी भरली, चाकण भरलं, दोन्हींच्या मध्ये माल ठेवायला गोदामं हवी झाली आणि एका सकाळी दोन सफारीवाले बांधावर येऊन चहा मागू लागले.

दस्ताच्या दिवशी तळेगाव ढमढेऱ्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात नाना पहिल्यांदा घाबरले, ते पैशाला नव्हे, बहिणींना. जमीन वडिलार्जित. मुलींना हिस्सा देणारा कायदा महाराष्ट्रात 1994 पासून, देशभर 2005 पासून आहे. पण आमच्याकडे तो बरीच वर्षं साडीचोळीत मिटत आला आहे: भाऊ हक्कसोडपत्र करून घेतो, बहीण अंगठा उठवते, आंबेमोहोर भात आणि पुरणपोळी खाऊन गावाला जाते. थोरली तशी गेली. गावातच दिलेली धाकटी म्हणाली, “साडी माझ्याकडं हाय नाना, हिस्सा बोला.” हिस्सा दिला. तेव्हापासून नाना तिच्या दारावरून जाताना गाडीची काच वर घेतात.

आणि रक्कम आली. खेड्यातली शेतजमीन आयकराच्या कायद्यात भांडवली मालमत्ता धरत नाहीत, त्यामुळे त्या नफ्यावर करही नाही. सरकारनं एवढं सगळं सोडून दिलेलं बघून नानांना पहिल्या रात्री झोप आली नाही. काहीतरी चुकलंय, उद्या माणूस परत मागायला येईल, असं त्यांना वाटत राहिलं.

आता नानांचं गणित समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्या गणितानं झालं आहे. नाना हिशेबाला कच्चे नाहीत. कांद्याची पिशवी हातानं उचलून किलोचा अंदाज सांगतील. दुधात पॉइंटभर फॅट कमी लागलं तर डेअरीच्या मशीनशी भांडतील. मशीनवाल्याशी नव्हे, मशीनशी. दहा रुपयांपासून लाखापर्यंतची सगळी पायवाट त्यांच्या पायाखालची. पाच लाखांपर्यंत, रडतखडत का होईना, ते जातात: सोसायटीचं पीककर्ज, ट्रॅक्टरचा हप्ता, मुलीचं लग्न. पाच लाखांच्या पलीकडं मात्र त्यांचा सराव नाही. तिकडं पैसा नुसता आकडा होतो, आणि आकडा खर्चायला माणसाच्या काळजाला काहीच लागत नाही.

त्यामुळे पाच लाखांच्या आत नाना जिल्ह्यातले सर्वांत चिक्कट गृहस्थ आहेत आणि त्याच्यावर साक्षात कर्ण. आठवडे बाजारात ती पांढरी गाडी निम्मा रस्ता अडवून उभी करतात आणि उतरून कोथिंबिरीच्या जुडीवरून म्हातारीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करतात. “पंचवीस वर्सं म्या पिकवलीया, मला नको सांगू भाव.” तीच गाडी घेताना शोरूममध्ये सूट किती मिळते हे विचारलंसुद्धा नव्हतं. पोरानं कोपर मारलं तर म्हणाले, “इथं असलं बोलायचं नसतं.” मग पायाखालचे मॅट फुकट मिळणार की वेगळे पैसे, यावरून मॅनेजरला खाली बोलावलं. मॅट फुकट मिळाले. गाडीपेक्षा ते मॅट घेतल्याचा आनंद मोठा होता. अजूनही पाहुण्याला आधी मॅट दाखवतात.

बचतीचं तर आणखी विचित्र झालं. जुन्या दिवसांत नाना काही बाजूला टाकतात असं कुणी म्हटलं नसतं, त्यांनाही वाटलं नसतं. पण दुधाचा पगार हातात यायच्या आधीच त्याला कामं नेमलेली असत: पेंडीवाला, भिशी, पोरांची फी, पोस्टातला हप्ता. उरलेले दोन-चारशे नानी ज्वारीच्या कणगीत खुपसे. पैसा सवडीनं येई आणि आला की कामाला लागे. एकरकमी पैसा बेकार आला. आणि बेकार पैशाला नोकरी द्यायला निम्मा तालुका धावला. पतसंस्थेचे चेअरमन पेढे घेऊन आले, विमा एजंट दिवसाआड आला, मेहुण्यानं प्लॉटिंगमध्ये भागीदारी दिली. प्लॉटिंगची फाइल पुढं तुकडेबंदीत अडकली; तो कायदा 1947 चा आहे, मेहुण्याला तो भागीदारीनंतर समजला. पोरानं डंपर घेतला, डंपरसाठी ड्रायव्हर ठेवला, ड्रायव्हरवर लक्ष ठेवायला मित्र ठेवला आणि स्वतः ‘भावी सरपंच’ म्हणून फ्लेक्सवर चढला.

नाना स्वतः उतरले ते बैलगाड्यात. हे मात्र हौसेनं, त्यात त्यांना बोल लावायला माझी जीभ रेटत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2014 च्या मे महिन्यात शर्यती बंद केल्या तेव्हा नानांकडे एकच बैल होता, आणि तोही नांगराचा. 16 डिसेंबर 2021 ला परवानगी मिळाली, 2023 च्या मे महिन्यात घटनापीठानं शर्यतींना मुभा देणारा कायदा ग्राह्य धरला, आणि याच दरम्यान नानांच्या खात्यात पैसे पडले. योग म्हणायचा दुसरं काय! बैल आले. बैलांना खुराक, खुराकाला गडी, गड्याला खोली, बैलांना पंखे. घाटात बारी सुटली, “भिर्रर्र” झालं, की नाना अनाउन्सरकडून स्वतःचं नाव ऐकायला कान टवकारतात. त्यात ‘शेठ’ आलं पाहिजे. एकदा अनाउन्सर गडबडीत नुसतं ‘नाना’ म्हणाला, तर त्या दिवशी जेवले नाहीत. बक्षिसात मिळालेली मोटारसायकल गड्याला दिली, आणि गड्यानं तिच्यात पेट्रोल टाकायला शंभर मागितले तर “चालत जा की” म्हणाले.

हे असंच व्हावं लागतं असं नाही. हडपसरला मगर मंडळींनी हा प्रश्न वेगळ्या रीतीनं सोडवला. सतीश मगरांच्या पुढाकारानं सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी चारशे एकरांच्या आसपासची जमीन विकण्याऐवजी एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली, जमिनीच्या प्रमाणात भाग घेतले आणि मगरपट्टा सिटी उभी केली. पैसा एकदम पाटात न सोडता ठिबकनं दिला. मी हे नानांना सांगितलं तर ते म्हणाले, “ते समदे एका आडनावाचे व्हते. आमच्या आळीत एका आडनावाचे दोघं एका बाकावर बसत न्हाईत.” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

एकरकमी पैशानं माणसाचं काय होतं हे बघायला स्वीडनमध्ये सेसारिनी, लिंडक्विस्ट, ऑस्टलिंग या अर्थशास्त्रज्ञांनी लॉटरी लागलेल्या हजारो लोकांची वर्षानुवर्षांची सरकारी दप्तरं तपासली. 2016 आणि 2017 साली निष्कर्ष छापले. अचानक पैसा आल्यानं मोठ्या माणसांच्या आयुर्मानात किंवा दवाखान्याच्या वाऱ्यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. कामही लोकांनी सोडलं नाही, कमाई जराशी कमी केली. आणि गंमत अशी, की ज्याला लॉटरी लागली त्याची कमाई जास्त घटली, जोडीदाराची तितकी घटली नाही. पैसा एकाच घरात आला, आराम मात्र ज्याच्या नावानं तिकीट होतं त्याला. हे वाचून मला वाटलं, हे संशोधक स्वीडनला उगाच गेले. शिक्रापूरला एसटीनं आले असते तरी चाललं असतं.

कारण नानांनी काम सोडलं त्या दिवशी नानीचं वाढलं.

आधी घर दोन खणांचं, पुढं ओसरी, शेणानं सारवलेलं. आता बंगला: तळमजला, वर दोन मजले, जिन्याला काचेचा कठडा, सगळीकडं मार्बल. शेणाच्या जमिनीवर पडलेलं दिसत नसे. मार्बलवर केस पडला तरी दिसतो. कामाला बाई लावली, पण बाईला दाखवायला आधी स्वतः पुसून ठेवावं लागतं, नाहीतर ती गावात सांगते. मॉड्युलर किचनमध्ये फोडणी दिली की छताला डाग पडतो म्हणून मागं पत्र्याची शेड घातली, तिथं चूल मांडली, आणि रोजचा स्वयंपाक तिथंच. किचनमध्ये पाहुण्यांचा चहा होतो. भांडी धुवायचं मशीन आहे. त्यात उन्हाळ्यात केलेल्या कुरडया आणि पापड चांगले राहतात, मुंग्या जात नाहीत. सहा बाथरूम घासायची आहेत आणि माणसं चार. “पैलं सकाळी दोन तास शेणघाण काढली की मोकळी,” नानी म्हणते. “ह्या घराचं काढून काढून सरत न्हाई.”

म्हशी विकल्या. शेठच्या दारात म्हशी शोभत नाहीत, वास येतो. आता दूध पिशवीचं येतं. ते पितळी पातेल्यात तापवताना नानी रोज एकदा साय बोटानं उचलून बघते आणि काही बोलत नाही, पण असं काही बोलत नाही की नाना उठून अंगणात जातात.

नानीनं व्यवहारात एकच अट घातली होती. जुन्या घराजवळचे पाच गुंठे विकायचे नाहीत, ते तिच्या नावावर. नानांना वाटलं बाई परसात भाजी लावेल. तिनं दहा खोल्या बांधल्या. पत्र्याच्या, एका ओळीत, पुढं ओटा, मागं मोरी. कंपन्यांतली पोरं राहतात: बीडची, लातूरची, बिहारची, उत्तर प्रदेशची. महिन्याच्या सात तारखेला नानी कालनिर्णयाचं मागचं पान घेऊन ओट्यावर बसते आणि भाडं गोळा करते. बिहारी पोरांशी तिचं हिंदी असं: “लाइट रातभर मत जळाव, बिल कोण भरेगा, तुम्हारा बाप?” पोरं तिला माँजी म्हणतात आणि वेळेवर भरतात. त्या भाड्यातून बचत गटाचा हप्ता, पोस्टातला हप्ता आणि घराची भाजी निघते. नानांच्या रकमेतून काय निघतं हे बंगल्यात कुणी विचारत नाही.

आता तब्येतीचं. नाना अजून रात्री दोनला उठतात. पूर्वी मोटार चालू करायला उठत, आता लघवीला. शुगर. पहिल्यांदा रिपोर्ट आला तेव्हा नानांनी तो डॉक्टरांना परत दिला आणि म्हणाले, “दुसऱ्या मशीनवर लावा.” मग गुडघा, मग बीपी. बिस्किटं, वेफर, चौकातला वडापाव, शर्यतीच्या दिवशी मटण, आणि पायी चालणं फक्त गाडीपर्यंत. चिपाडाला पोट फुटलं. हातपाय मात्र पूर्वीसारखेच काडी.

यात नानांचा सगळाच दोष नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास मांडला. बाळं जन्माला येत ती सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडात साउदम्प्टनला बाळ साडेतीन किलोचं. पण हाडामांसात आपलं बाळ जेवढं कमी, तेवढं चरबीत कमी नव्हतं. बारीक दिसणारं आणि आतून चरबी राखून असलेलं. पिढ्यान्‌पिढ्या टंचाईसाठी तयार झालेलं अंग, त्याला एकदम सुबत्ता मिळाली की साखर चढते. याज्ञिकांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि जॉन युडकिन या इंग्रज डॉक्टर मित्राचा शेजारी-शेजारी फोटो छापला. दोघांचा उंची-वजनाचा बीएमआय तंतोतंत सारखा, 22.3. अंगातली चरबी मात्र इंग्रजाची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. इंग्रज मॅरेथॉन धावतो आणि आपण लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावतो, अशी टीपही त्यांनी स्वतःच जोडली.

मी हे सगळं नानांना नीट समजावून सांगितलं. त्यांनी लक्षपूर्वक ऐकलं.

“एकवीस पॉइंट दोन फॅट?”

“हो.”

“एसएनएफ किती लागलं?”

मी म्हटलं, ते मोजलं नव्हतं. नानांनी मान हलवली. म्हशीला सहाच्या पुढं प्रत्येक पॉइंटाला दर वाढतो, माणसाला का वाढू नये, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर होता. पण गोळी त्या दिवसापासून चुकवत नाहीत. जे मशीनवर मोजतात त्यावर त्यांचा विश्वास आहे.

डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. नाना गाडी काढून वेळ नदीच्या पुलापर्यंत जातात, तिथं गाडी लावून पंधरा मिनिटं चालतात आणि गाडीत बसून परत येतात. येताना चौकात अडकतात म्हणून एकूण व्यायामाला सव्वा तास लागतो. मध्ये एकदा गोदामाच्या कंपाउंडच्या कडेनं चालून बघितलं. आपल्याच जमिनीची प्रदक्षिणा, पुण्यही लागेल. वॉचमननं गेट पास मागितला. नाना म्हणाले, “ही विहीर म्या खांदली.” वॉचमन म्हणाला, “कौन सी विहीर?” विहीर बुजवून तिच्यावर ट्रकांचं पार्किंग केलेलं. पोरानं मग घरातच चालायचं मशीन आणून दिलं. त्यावर नाना दोन दिवस चालले. चालूनही माणूस कुठंच पोचत नाही हे त्यांच्या मनाला पटेना. आता त्यावर नानी सांडगे वाळवते.

मध्यंतरी गाडीचा विमा, डंपरचा हप्ता आणि बैलांचा खुराक एकाच महिन्यात आले. पतसंस्थेतले पैसे मुदतीआधी निघत नव्हते, पुढं मुदत झाल्यावरही निघाले नाहीत, पण तो वेगळा भाग. प्लॉटिंग अडकलेलं. नाना दोन दिवस ओसरीत येरझाऱ्या घालत होते. त्या निमित्तानं चांगलं चालणं झालं. तिसऱ्या दिवशी पत्र्याच्या शेडमध्ये चुलीपुढं पाटावर येऊन बसले.

“गटातनं कर्ज किती मिळतं गं?”

नानीनं भाकरी उलटली. “कशाला?”

“दीड लाख लागंल.”

“गट बायांचा हाय. तुमाला न्हाई बसत.”

“मग तू काढ.”

“कारण काय लिहू? गाडीचा इमा? बाया हसत्याल. शेकडा दोन याज हाय, धंद्याला देत्यात.”

नाना विचारात पडले. आकडा पाच लाखांच्या आतला होता, त्यामुळे डोकं चालायला लागलं. विमा बाजूला पडला, खुराकाची उधारी आठवेनाशी झाली, बोटं मांडीवर पेरं मोजू लागली.

“म्हस लिही,” ते म्हणाले.

“म्हस लिहिली तर म्हस आणावी लागंल. बगायला येत्यात.”

“आणू की. मुऱ्हा आणू. सातच्या खाली फॅट असलं तर घ्यायचीच न्हाई. धा लिटर धरलं, पेंड वजा केली, वैरण बैलांबरूबर निघती...”

“शेण कोण काढणार?”

“म्या.” थोडं थांबून, “डॉक्टरांनी हालचाल सांगितलीया.”

नानीनं भाकरी विस्तवावर टाकली. ती टम्म फुगली. नानीनं ती ताटात टाकून ताट पुढं सरकवलं.

“दोन जामीन लागत्यात,” ती म्हणाली. “एक मी बगते. दुसऱ्या जामिनाचं आन्‌ सहीचं तुमच्या धाकट्या बहिणीला इचारून या. गटाची अध्यक्ष तीच हाय. आन्‌ जाताना चालत जा, काच बंद करून नगा जाऊ.”